साहेब बदलले, आता आमच्या पोरांचं काय? – कोल्हापूरच्या पालकांचे अनुभव

एप्रिल-मे आला की बदल्यांचं वारं सुटतं. शिक्षण खात्यातून आलेल्या अधिकाऱ्याची एका जागची मुदत साधारण तीन वर्षं आणि बदल्या एप्रिल-मेमध्ये, हे २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच आहे. तरी दरवेळी पेठेत बातमी येते ती 'साहेबांना उचललं' अशीच. आमच्या शाळेच्या ग्रुपवर रात्री अकराला कुणीतरी टाकलं, 'साहेब बदलले. आता सेमी बंद.' सेमी-इंग्रजीचा आणि बदलीचा काय संबंध, हे कुणी विचारलं नाही. निकालाच्या दिवशी गेटवर मात्र तिघीजणी दाखला काढायच्या गोष्टी करत होत्या.

म्हणून हा धागा. वरचा माणूस बदलला (महापालिका शाळांचा कारभार बघणारे प्रशासनाधिकारी, मुख्याध्यापक, संस्थेचे अध्यक्ष, कुणीही) की तुमच्या पोरांच्या बाबतीत नेमकं काय बदललं, ते लिहा. ऐकीव नको, घडलेलं लिहा. शाळेचं आणि सरांचं-बाईंचं नाव घेऊ नका. मुलं अजून तिथंच शिकतायत.

राजारामपुरी

आमच्या शाळेत शिष्यवृत्तीचे जादा तास सकाळी सातला असायचे. जुने सर स्वतः कुलूप काढायचे. त्यांची बदली झाली, नव्या बाई आल्या आन पहिल्याच आठवड्यात जादा तास बंद. आम्ही सात-आठ आया तावातावानं गेलो. मी तर तोंडावर बोललो, 'गरिबाच्या पोरी म्हणून तुम्हाला किंमत न्हाई.' बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, 'सात वाजता पोरगी जिन्यावरनं पडली तर शाळेत कोण असतंय?' कोणच नसायचं. सर कुलूप काढून चहाला जायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शेवटी व्यवस्थापन समितीच्या वहीत ठराव लिहिला. तास साडेसातला, एक शिक्षक हजर पाहिजे आन रोज दोन आयांनी खाली बसायचं. माझी पाळी गुरुवारची. जिन्याखाली बसून मी निम्मी भाजी तिथंच निवडायचो. तास पुन्हा चालू झाले. पण माझं म्हणणं अजून तेच हाय, बंद करायच्या आधी एक मीटिंग घ्यायची होती. दाराला कुलूप बघून परत आलेली पोर घरी काय तोंड करून येती, ते आम्ही बघितलंय.

शिवाजी पेठ

साहेब बदलला काय नि राहिला काय, वर्गावर मास्तर हाय का तेवढं सांगा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून दुसरं काम शिक्षकाला लावायचं न्हाई असं शिक्षण हक्क कायदा म्हणतोय. आन ह्या तिन्हीतच निम्मं वर्ष सरतंय. विषय संपला.

कसबा बावडा

विषय संपला नाही, दादा. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो, तेव्हाचं सांगतो. समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण निम्म्या बायका, हे कायद्यातच आहे. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. शाळेला येणारं अनुदान तेव्हा समितीच्या खात्यावर जमा व्हायचं आणि चेकवर दोघांची सही लागायची. मग सचिवच बदलला तर?

आमचे सर जूनमध्ये बदलून गेले. नव्या सरांनी चार्ज घेतला, पेढे वाटले, झाडं लावली, फोटो काढले. ऑगस्टात पाण्याचा फिल्टर बंद पडला. चेक फाडायला बसलो, तर बँकेत सही अजून जुन्या सरांची. मग ठराव करा, ठरावाची प्रत द्या, रुजू झाल्याचं पत्र द्या, नव्या सरांचं आधार, पॅन, फोटो द्या. हे सगळं दिलं तर बँक म्हणाली, ठरावावर तारीख आहे पण गोल शिक्का नाही. पुन्हा फेरी. तोवर पोरं घरनं बाटल्या आणत होती, आणि जिनं बाटली विसरली ती दुसरीच्या बाटलीला तोंड लावत होती. पैसे खात्यावर होते, बरं का. कुणी खाल्ले नव्हते. नवे सरही वाईट नव्हते, फक्त पहिल्या दिवशी ह्या सहीची आठवण कुणालाच झाली नाही.

नवा मुख्याध्यापक आला की हार घालायच्या आधी सही बदलायचा ठराव घाला, एवढंच माझं सांगणं.

नाव-गाव नको

आमची शाळा संस्थेची, अनुदानित. संस्थेत दोन गट पडले. एका गटानं एका सरांना मुख्याध्यापक केलं, दुसऱ्यानं दुसऱ्यांना. एकाच व्हरांड्यात दोन केबिनी, दोन शिक्के. शिपायाचा बिचाऱ्याचा रोज पेच, घंटा कुणाला विचारून द्यायची? सुरुवातीला आम्ही हसायचो.

मग माझ्या मुलाची दहावी झाली. अकरावीसाठी दाखला पाहिजे होता, तर कुणाच्या सहीचा चालणार? मुख्याध्यापकाच्या सहीला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते हे मला तेव्हा कळलं. दोन्ही सरांनी दाखला द्यायची तयारी दाखवली, अगदी प्रेमानं. मी म्हटलं, मान्यतेचं पत्र दाखवा. एकांनी विषय बदलला, दुसऱ्यांनी कपाटातून पत्र काढलं. त्यांच्याकडनं घेतला. पोराच्या वर्गातल्या दोघांनी चुकीच्या केबिनीतनं घेतला होता, त्यांना पुन्हा यावं लागलं.

फुलेवाडी (शिक्षिका आणि आईसुद्धा)

दोन्हीकडून बोलते. बऱ्याच शाळांत 'नवे मुख्याध्यापक' म्हणजे प्रभारी. पहिली ते पाचवीचा पट दीडशेच्या वर असेल तरच मुख्याध्यापकाचं वेगळं पद. नाहीतर आमच्यातलीच ज्येष्ठ बाई कार्यभार घेते आणि स्वतःचा वर्गही सांभाळते. तिसरीला गणित शिकवता शिकवता ती मोबाईलवर पोषण आहाराची आजची संख्या भरते. दारात पालक उभा असतो आणि म्हणतो, 'बाई, तुम्ही पूर्वीच्या सरांसारखं लक्ष देत नाही.' पूर्वीच्या सरांना वर्ग नव्हता हो!

आई म्हणून मात्र माझाही जीव वरखाली झाला होता. माझ्या मुलाच्या शाळेत नव्या मॅडमनी बाकांवरचा बसायचा क्रम बदलला, तर मीच ग्रुपवर चार ओळी खरडल्या.

रिक्षा, गंगावेस स्टॉप

मला जरा उलटं सांगायचंय. पूर्वी शाळेचा पत्रा उडाला, संडासाचं दार मोडलं, की नगरसेवकाच्या दारात जायचं. त्यांनी फोन फिरवला की काम. नोव्हेंबर २०२० ला महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, प्रशासक आला. मग कुणाच्या दारात जायचं? मी तर हातच टेकले होते. मग आमच्या स्टॉपवरच्या एका पेन्शनर काकांनी अर्ज लिहून दिला आन बजावलं, 'दोन प्रती ने, एकीवर आवक नंबर घेऊन ये.' पोरींच्या संडासाला दार बसलं. वेळ लागला, पण बसलं. आता पोरीच अर्ज लिहितात, मी नुसता नेऊन देतो.

शाहूपुरी (आजोबा)

मुलांनो, ह्या कोल्हापूर संस्थानात शिक्षण सक्तीचं झालं १९१७ साली. राजर्षी शाहू महाराजांनी जाहीरनामा काढला, पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा रुपया! महाराज १९२२ ला गेले. तेव्हा वरचा माणूस गेला की शाळा बुडते असं असतं, तर तुम्ही हे आज मोबाईलवर लिहीत बसला नसता.

नातीच्या प्रवेशासाठी मी जरगनगरच्या महापालिका शाळेच्या रांगेत बसलोय. पाडव्याला प्रवेश आणि आदल्या रात्रीपासून सतरंज्या. कुणी चटणी-भाकरी आणलेली, कुणी थर्मास. डॉक्टर आणि हमाल एकाच ओळीत. रात्रभरात सगळ्या गप्पा झाल्या. शिष्यवृत्तीत किती पोरं, पहिलीला कोण बाई, पाढे कुठवर घेतात. प्रशासनाधिकारी कोण आहेत, हे एकानंही विचारलं नाही.

राजारामपुरी

आजोबा, पटलं. पण पहिलीच्या त्या बाईंची उद्या बदली झाली, तर रांग कुणाच्या दारात लावायची?

शाहूपुरी (आजोबा)

तेव्हा तुम्ही आया जा, पहिल्यांदा गेला होतात तशा. फक्त जिना कोण सांभाळणार ते आधी ठरवून जा.

नवीन पालक, पाचगाव रोड

मुलगा जूनमध्ये पहिलीला. त्या व्यवस्थापन समितीत जायचं असेल तर कुणाला भेटायचं? ओळख लागते का?

कसबा बावडा

ओळख नको. पालकसभेत निवड होते. सभेची नोटीस शाळेच्या फळ्यावर लागते, ग्रुपवर येईलच असं नाही. मुलाला सोडायला जाल तेव्हा फळा वाचत जा. आणि निवडून आलात की पहिल्या बैठकीत पासबुक मागा.