मदत हवी आहे: 'क्रिटिकल'चं 'मीडियम' करा म्हणतोय क्लायंट

नमस्कार मंडळी. सल्लागार कंपनीत सीनियर सायबर सिक्युरिटी इंजिनियर आहे. तांत्रिक काम अंगवळणी पडलंय, अडलंय ते रिपोर्टवर.

एका क्लायंटकडे अंतर्गत पेनटेस्ट केली, म्हणजे परवानगी घेऊन हॅकरसारखी तपासणी. उत्पादनाच्या यंत्रांना जोडलेला एक जुना विंडोज सर्व्हर सापडला. एसएमबीचं (विंडोजमध्ये नेटवर्कवर फाइल शेअर करायची पद्धत) पहिलं व्हर्जन चालू आणि त्यातलं भोक बुजवणारा एमएस१७-०१० पॅच नाही. मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेला पॅच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच भोकातून पसरला. आम्ही क्रिटिकल, म्हणजे सर्वात गंभीर, रेटिंग लावलं.

त्यांचे आयटी हेड म्हणतात, "सर्व्हर आतल्या नेटवर्कमध्ये आहे, बाहेरून कोण येणार? मीडियम करा, रिपोर्ट बोर्डासमोर जायचाय." पॅच का नाही, तर सॉफ्टवेअरवाला व्हेंडर सांगतो, विंडोजला हात लावलात तर सपोर्ट बंद. ही अडचण खरी आहे, नाकारत नाही. पण मी मीटिंग रूममधल्या नेटवर्क पॉइंटला लॅपटॉप जोडला तर सर्व्हरचं पोर्ट ४४५ (एसएमबीचं दार) सरळ उघडं! एक्स्प्लॉइट, म्हणजे त्या भोकातून खरोखर घुसणारा कोड, मुद्दाम चालवलं नाही, सर्व्हर कोसळला असता तर काम ठप्प. फक्त स्कॅनरने खात्री केली. आता त्यावरच बोट ठेवतात, "मग सिद्ध कुठे झालंय?"

माझा मॅनेजर म्हणतो, "करून टाक, रिन्यूअल जवळ आलंय."

सीव्हीएसएसमध्ये (अशा त्रुटींची तीव्रता मोजायची पद्धत) एन्व्हायर्नमेंटल स्कोअर, म्हणजे क्लायंटकडच्या परिस्थितीनुसार बदलणारा आकडा, असतो हे माहीत आहे. पण तो खाली आणायला मध्ये काही अडथळा तरी हवा ना? तुम्ही अशा वेळी काय लिहिता?

प्रतिसाद १: रेटिंगला हात लावू नका. ४४५ फक्त गरजेच्या मशीन्सपुरतं उघडं ठेवायला सांगा. विंडोज तसंच राहतं, व्हेंडरही गप्प. मग त्याच मीटिंग रूममधून रिटेस्ट करा. 'चाचणीच्या वेळी क्रिटिकल, उपायानंतर मीडियम', दोन्ही तारखांसकट. बोर्डाला दाखवायलाही हे बरंच दिसतं.

धागाकर्ता: मध्ये फायरवॉलच नाही हो, सगळं एकाच व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच कप्प्यात.

प्रतिसाद २: मग त्या एका सर्व्हरपुढे छोटा फायरवॉल बसवायला सांगा, अख्खं नेटवर्क बदलायची गरज नाही. तेही नको असेल तर रिस्क अ‍ॅक्सेप्टन्सवर ('धोका माहीत आहे, स्वीकारतो' असा कागद) सही घ्या, पण आयटी हेडची नाही. यंत्रं बंद पडली की ज्याचं उत्पादन थांबणार, त्या प्लांट हेडची.

धागाकर्ता: हे सुचलंच नव्हतं. उद्या मेल टाकतो. मॅनेजरला सीसीत ठेवू की आधी तोंडी सांगू, एवढंच ठरत नाहीये.