मदत हवी आहे: ग्रुपवर इस्रायल-पॅलेस्टाईनचा विषय निघाला की काय करता?

मंडळी, आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन. (हौसेने घेतलेलं दुखणं!) ७ ऑक्टोबर २०२३ पासून ग्रुपमध्ये सरळ दोन तट पडलेत. त्या दिवशी हमासने इस्रायलमध्ये मारलेल्या सुमारे १२०० जणांबद्दल कुणी लिहिलं की लगेच उत्तरादाखल गाझातल्या उद्ध्वस्त इस्पितळांचे फोटो येतात, आणि उलटंही तसंच. १९४८ हे एकासाठी इस्रायलचं स्वातंत्र्य, तर दुसऱ्यासाठी सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले तो नकबा (म्हणजे महासंकट). दोन्ही खरं आहे म्हटलं तर मीच कुंपणावरचा ठरतो. त्यात सीरियातले जुने व्हिडिओ गाझाचे म्हणून फिरतात, ते वेगळंच.

आमच्यातली एक मैत्रीण अलिबागकडची बेने इस्रायली (म्हणजे मराठी ज्यू) आहे, तिचे मामा-मावश्या इस्रायलमध्ये अश्दोदला असतात. ती आता काहीच लिहीत नाही, आणि ते मला सगळ्यात खटकतं. विषयच बंद करणं मला पळपुटेपणा वाटतो.

तुमच्यापैकी कुणी असा ग्रुप सांभाळलाय का? नियम काय ठेवलेत? व्हिडिओ खरा की जुना, हे मोबाईलवर झटपट कसं तपासता? आणि तिच्याशी वेगळं बोलू, की तिला तिच्या मनाप्रमाणे गप्प राहू देऊ?