प्रति: चिन्ह मिळालं की निवड संपते का?

"देवाकडून स्पष्ट चिन्ह मिळालं की माणसाला निवडायला काही उरत नाही" हे इथल्या चर्चेतलं म्हणणं मला पटत नाही. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 21 काढून बघा. सोर शहरातले येशूचे शिष्य पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने प्रेषित पौलाला सांगतात, यरुशलेमला जाऊ नकोस. पुढे कैसरिया शहरात फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाच्या घरी अगब संदेष्टा पौलाचाच कमरबंद घेऊन स्वतःचे हातपाय बांधतो, की याच्या मालकाला असंच बांधतील. याहून स्पष्ट चिन्ह ते काय असणार! तरी सोबती त्यावरून म्हणतात "जाऊ नकोस", आणि पौल म्हणतो की बंधनच काय, मरायलाही मी तयार आहे. चिन्ह एकच, पण निर्णय पौलालाच घ्यावा लागला.

आणखी एक, जे मला फार महत्त्वाचं वाटतं. "प्रभूच्या इच्छेप्रमाणे होवो" असं ते सोबती म्हणतात खरं, पण केव्हा? रडून, विनवून झाल्यावर, पौल ऐकत नाही हे दिसल्यावर. आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) मात्र मुलांच्या लग्नाचा किंवा नोकरीचा प्रश्न आला की हेच वाक्य सुरुवातीलाच येतं आणि बोलणं तिथेच थांबतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.