मानेवर भाजल्यासारखे पट्टे, सगळे म्हणतात नागीण. नक्की काय असावं?

बाँडवाला डॉक:
कोकणात एका पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, बाँडवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) आहे. लावणी उरकली आणि ओपीडीत एकाच धाटणीचे पेशंट यायला लागलेत. सकाळी उठले तर मानेवर नाहीतर गालावर चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा, मग एक-दोन दिवसांत त्यावर बारीक पिवळट फोड, खाज कमी आणि आग जास्त. ताप नाही, काही चावल्याचं कुणालाच आठवत नाही. घरच्यांचं निदान आधीच झालेलं असतं, नागीण! एक आजोबा तर जाड गेरू थापून, मंत्र घालूनच आले, आता गेरूखालचं मी काय बघू. एका ताईंच्या कोपराच्या खोबणीत मात्र अजबच आहे, दंडाकडे एक डाग आणि समोर हाताकडे हुबेहूब तसाच दुसरा. नागीण असेल तर गोळ्या ७२ तासांच्या आत गेलेल्या बऱ्या, म्हणून थांबायलाही धीर होत नाही. असायक्लोविर सुरू करू का? फोटो टाकत नाही, पेशंटना विचारलेलं नाही.

स्किनवाले काका:
अरे त्या ताईंच्या कोपरातच उत्तर आहे की! हात दुमडला की दोन्ही डाग एकमेकांवर बसतात ना? त्याला किसिंग लीजन म्हणतात. पेडेरस डर्माटायटिस आहे हा, पेडेरस नावाच्या किड्यामुळे कातडीला होणारा दाह. तो किडा चावतही नाही आणि डंखही मारत नाही, चिरडला की अंगातलं पेडेरिन नावाचं विष कातडीला लागतं आणि झोपेत हात जिकडे फिरला तिकडे पट्टा उमटतो. लाली यायला साधारण २४ ते ४८ तास जातात, म्हणून पेशंटला किड्याचा संबंधच लागत नाही. "काही चावलं का" विचारशील तर "नाही"च येणार. "रात्री लाइट लावून झोपता का, खिडकी उघडी असते का, घरात अजून कुणाला झालंय का" असं विचार.
नागिणीत बहुतेकदा आधी दुखतं, मग पुळ्या येतात, त्याही झुपक्याने, एका नसेच्या पट्ट्यात, अंगाच्या एकाच बाजूला. मधली रेघ ती सहसा ओलांडत नाही, त्यामुळे तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो हे जे गावात सांगतात त्याला काही अर्थ नाही. तुझे पट्टे आडवेतिडवे, नसेचा हिशोबच न पाळणारे असतील तर असायक्लोविर कशाला? पण म्हातारं माणूस, एकाच बाजूला ठणका आणि झुपके असं दिसलं तर मात्र वाट बघू नकोस, लगेच सुरू कर.
आणि गेरू आधी पाण्याने धुवून काढ रे, त्याशिवाय निदान करूच नये.

भातवाला:
डॉक्टर नाही, शेतकरी आहे. मुंगीसारखा लांबट, केशरी-काळा, मधे निळसर चमक, शेपूट वर करून पळतो, तोच ना? भातात भरपूर असतो आणि तुडतुडे खातो, म्हणजे शेतात तो आपलाच माणूस. रात्री ट्यूबलाइटखाली येतो तेव्हा लफडं होतं. अंगावर बसला तर फुंकर मारा, चापट नको. व्हॉट्सॲपवर ॲसिड फ्लाय म्हणून जीवघेणा किडा असा मेसेज फिरतो तो हाच, जीवबीव काही घेत नाही.

माळावरची:
मी विदर्भात सिस्टर आहे. आमच्याकडे असा भाजल्यासारखा डाग घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, बिब्बा लावला का? गुडघा दुखला, काटा मोडला की लोकं बिब्ब्याचं तेल लावतात आणि डॉक्टरांसमोर बोलत नाहीत, सासूबाईंनी लावला असेल तर सून अजिबातच बोलत नाही. मधोमध काळा डाग, धुतला तरी न जाणारा, ओघळ गेला असेल तर तिथेही, आणि भोवती खाजरे फोड. धोबी कपड्यांवर खुणा करायचे तोच बिब्बा हा, कातडीवरून तरी लगेच कसा जाईल. एखादाच पेशंट असेल आणि लाइट-किड्याची गोष्ट जुळत नसेल तर हे विचारून बघा.

बाँडवाला डॉक:
सगळ्यांना थँक्यू. विचारलं, जवळपास सगळे पडवीत बल्बखाली झोपणारे निघाले. गेरू धुतल्यावर आजोबांचा पट्टाही मानेवर आडवा, मधली रेघ ओलांडून पलीकडे गेलेला. आता एका लहान मुलाचा डोळा सुजून बंद झालाय, आदल्या दिवशी त्याच्या गालावर असाच पट्टा होता. काका, काय करू?

स्किनवाले काका:
हाताला लागलेलं डोळ्याला गेलं असणार, चोळला असेल पोराने. स्वच्छ पाण्याने भरपूर धू आणि आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठव, बुबुळ बघायलाच हवं. स्टेरॉइडचे थेंब तू आपल्या मनाने देऊ नकोस. बाकीच्यांना साबण-पाण्याने धुणं, थंड पट्ट्या, थोडे दिवस सौम्य स्टेरॉइड क्रीम, पू झाला तरच अँटिबायोटिक. एक ते तीन आठवड्यांत बरं होतं, काळपट डाग मात्र बराच काळ राहतो, ते आधीच सांगून ठेव नाहीतर त्या डागासाठी परत तुझ्याच दारात येतील. आणि पडवीतला बल्ब झोपताना बंद करायला सांग.