विषय: कुरियरनं बदलून आलेला गिटारचा ॲम्प आणि त्याची घूं

वेंगुर्ले, सोमवार रात्र

सप्रेम नमस्कार मंडळी,

अमेरिकेतून गावी येऊन राहिल्याला तीन वर्षं झाली, तरी मंडळाच्या या मेल-यादीतून मी नाव काढलेलं नाही. आज अडचण घेऊन आलोय, आणि ती सोडवतील अशी माणसं मला इथेच माहीत आहेत.

मंडळाच्या गणपतीत आणि दिवाळीच्या कार्यक्रमात मी ज्या ॲम्पवर वाजवायचो तो बऱ्याच जणांना आठवत असेल. फेंडरचा ब्लूज ज्युनियर, १५ वॅटचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्यांचा. सामानाबरोबर तो इकडे आला. तिकडचा असल्यामुळे १२० व्होल्टचा, म्हणून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवत होतो. पण त्यानं व्होल्टेज उतरतं, इथल्या विजेचे ५० हर्ट्झ तिकडच्यासारखे ६० होत नाहीत. आणि ६० साठी बनवलेला आतला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. तासभर वाजवलं की त्यावर बोट टेकवत नसे.

म्हणून मे महिन्यात एका शहरातल्या कारागिराकडे नुसती चासी, म्हणजे आतलं यंत्र बसवलेला पत्र्याचा सांगाडा, कुरियरनं पाठवली. खोकं आणि स्पीकर घरीच, व्हॉल्व्ह काढून कपाटात. कामं सांगितली ती अशी: २३० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घालायचा, सप्लायमधले, म्हणजे वीजपुरवठ्याच्या भागातले, वीज साठवणारे कंडेन्सर नवे आणि मोठे घालायचे, आणि बायस (मोठ्या व्हॉल्व्हमधून किती करंट वाहावा ते ठरवणारं सेटिंग) कमीजास्त करायला एक प्रीसेट, म्हणजे छोटं फिरतं बटण, बसवायचा, कारण या ॲम्पला कंपनीकडून ती सोय येत नाही. पैसे आगाऊ दिले. चासी आली ती ऐन आषाढात, पार्सलच्या खोक्याचा एक कोपरा दबलेला.

जोडून चालू केला तर घूं. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी तेवढीच घूं. मधूनच कडकड होते आणि आवाज बसतो. रिव्हर्ब (सुरामागची गुंज) तर मेलाच आहे. कारागिराला कळवलं तर उत्तर एका ओळीचं: “आमच्याकडून निघाला तेव्हा नीट चालत होता.” परत पाठवायचा तर दोन्हीकडचा कुरियर माझ्याच खिशातून, आणि या पावसात पुन्हा तोच प्रवास.

वाडीतली चार मुलं माझ्याकडे शिकतात. चतुर्थीला त्यांना पेटी-पखवाजाच्या भजनात गिटार घेऊन बसवायचं कबूल केलंय. मी काय करू, सांगा.

---

एडिसन (न्यू जर्सी), सोमवार दुपार

अरे, आधी एक ऐक, मग बाकीचं. त्या ॲम्पच्या पोटात तीनशेच्या वर व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढला म्हणून ते लगेच जात नाहीत. कंडेन्सर भरलेले राहतात. मीटरवर आकडा पाचाच्या खाली आलेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. मीटरची काळी वायर चिमट्यानं चासीला लाव आणि मोजताना एक हात खिशात ठेव. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ॲम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाईल. मंडळाची साउंड सिस्टीम मी वीस वर्षं सांभाळली ती हे नियम पाळूनच.

आता घूं. तू गाणारा-वाजवणारा आहेस, तेव्हा मीटरच्या आधी कान लाव. त्या घूंचा सूर कोणता ते गिटारवर शोध. सप्लायमधून येणारी घूं विजेच्या दुप्पट असते. इथे अमेरिकेत ती १२० हर्ट्झ, म्हणजे जाड तारेच्या सहाव्या आणि सातव्या पट्टीच्या मध्ये. तुझ्याकडे १००, म्हणजे तिसऱ्या पट्टीच्या किंचित वर. तो सूर लागला तर सप्लायचे कंडेन्सर किंवा त्यांचे डाग (सोल्डरचे जोड) बघायचे. त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, ५० हर्ट्झ ऐकू आला तर भानगड अर्थिंगची किंवा फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या तारेच्या) वायरिंगची.

दुसरं असं कर. बंद कर, थंड होऊ दे, तिन्ही लहान व्हॉल्व्ह काढ, मोठे दोन राहू देत. पुन्हा चालू करून घूं आहे का बघ. हे सगळं ॲम्पच्या विजेच्या वायरीत सिरीज बल्ब लावून कर, १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब. तो भक्कन पेटून तसाच राहिला तर लगेच बंद कर. सुरुवातीला चमकून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. मात्र बल्बमुळे आतलं व्होल्टेज उतरतं, तेव्हा घूंचा अंदाज घेताना तो काढून घे.

आणि रिव्हर्बच्या टाकीला (स्प्रिंगांच्या डब्याला) जाणाऱ्या दोन पिना खोक्यात चासी बसवताना अदलाबदल झाल्या नाहीत ना, ते बघ. एकसारख्या दिसतात, फार जण फसतात.

---

वेंगुर्ले, बुधवार सकाळ

काका,

रिव्हर्बचं तुम्ही म्हणालात तसंच होतं. पिना मीच उलट्या लावल्या होत्या. सरळ केल्यावर पहिल्या सुरालाच ती जुनी लांब गुंज परत आली. कारागिराला मी पाठवलेल्या मेलमध्ये तीही तक्रार होती. ती माझी चूक होती असं त्यांना आज सकाळी कळवलं.

घूंचा सूर काल रात्री शोधला. पाऊस इतका होता की पत्र्याच्या आवाजात काही ऐकू येईना. साडेअकराला थोडी उसंत मिळाली. जाड तार तिसऱ्या पट्टीवर दाबली आणि ॲम्पच्या जाळीला कान लावला. तार घूंपेक्षा जरा खाली होती, हळू हळू लाटा ऐकू येत होत्या. तार किंचित ताणली तशा लाटा थांबल्या. म्हणजे १००. लहान व्हॉल्व्ह तिन्ही काढले तरी घूं तशीच. बल्ब मंद झाला होता, म्हणजे शॉर्ट नाही.

आता उघडायचाय. एकट्यानं उघडणार नाही. बाजारात एक जुने रेडिओ-मेकॅनिक आहेत, सत्तरीच्या पुढचे, व्हॉल्व्हच्या रेडिओवर हात बसलेले. ते रविवारी येतो म्हणालेत.

---

टोरांटो, बुधवार संध्याकाळ

दादा नमस्कार,

मी ढोलपथकातली, तुम्ही मला ओळखता. गिटार मीही वाजवते आणि माझा ॲम्प दोनदा पोस्टानं दुरुस्तीला गेलाय, म्हणून आत्ताच लिहितेय, उघडण्याआधी.

उघडण्यापूर्वीचे फोटो काढा. दबलेला कोपरा, आतला फेस, चासीवरचे स्क्रू, सगळं. उघडल्यावर काहीही हलवण्याआधी परत फोटो. नाहीतर “तुम्हीच हात घातलात” हे वाक्य ठरलेलं आहे, आणि ते खोडून काढायला तुमच्याकडे काहीच उरणार नाही.

मग कारागिराशी बोलताना “आवाज येतो” असं लिहू नका. काय केल्यावर येतो, काय केल्यावर जात नाही, ते लिहा. तुम्ही आत्ता काकांना जे लिहिलंत तेच त्यांना पाठवा. माझ्या वेळी पहिल्या चार मेलना मला नुसती टोलवाटोलवी मिळाली. पाचव्यात मोजलेले आकडे पाठवले तेव्हा माणूस सरळ बोलायला लागला. चांगल्या कारागिरालाही दुरून काही दिसत नसतं, हे मला नंतर पटलं.

आणि त्यांच्याकडून तीन गोष्टी मागा: काय काय बदललं त्याची यादी, चासी निघताना मोजलेली व्होल्टेजेस, आणि काढलेले जुने पार्ट. जुने पार्ट तुमचे आहेत. अमेरिकेतला मूळ ट्रान्सफॉर्मर तर नक्की परत घ्या, पुढेमागे कोणाला विकताना लागेल.

---

वेंगुर्ले, रविवार रात्र

मंडळी,

सापडलं. सविस्तर लिहितो, कारण इकडे परतलेल्या आणखी दोघातिघांकडे तिकडचे ॲम्प आहेत, हे मला माहीत आहे.

मेकॅनिककाका दहाला आले. चहा नको म्हणाले, आधी बघूया. ताईनं सांगितल्याप्रमाणे फोटो काढले. मग मीटर लावला. बंद करून दोन मिनिटं झाली होती तरी १४० व्होल्ट दाखवत होता. रेझिस्टर लावून उतरवले, आकडा दोनवर आला, तेव्हा कुठे त्यांनी चष्मा पुसला. नंतर स्पीकर जोडून ॲम्प परत चालू केला आणि सुक्या बांबूची काडी घेऊन एकेका पार्टवर हलकेच टिचकी मारत गेले. पहिल्या मोठ्या कंडेन्सरवर काडी टेकली आणि कड्कन आवाज झाला. घूं गेली. काडी काढली, घूं परत आली. “डाग सुटलो हा,” एवढंच बोलले.

बंद करून, परत उतरवून बोर्ड पालथा केला. १०० मायक्रोफॅरडचा, अंगठ्याएवढा जाड कंडेन्सर नुसत्या दोन पायांवर उभा केलेला. खाली ना सिलिकॉन, ना पट्टा. एका पायाच्या डागाभोवती केसासारखी गोल चीर होती, आणि जुना पार्ट काढताना जास्त तापवल्यामुळे तांब्याची पट्टीही बोर्डावरून उचललेली. तो पाय कधी टेकत होता, कधी नाही. टेकला नाही की सप्लायची सगळी घूं सरळ स्पीकरमध्ये.

त्यांनी जुना डाग पूर्ण शोषून काढला, पाय खरवडला, नवा डाग दिला, उचललेल्या पट्टीला बायपास म्हणून वायरचा तुकडा जोडला आणि कंडेन्सर सिलिकॉननं बोर्डाला चिकटवला. सहाशे रुपये घेतले. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

दोष कुरियरचा की कारागिराचा, यावर दिवसभर विचार केला. खोकं आपटलं, हे खरं. पण टपालानं काम घेणाऱ्यानं खोकं आपटणार हे धरूनच काम करायला हवं. घाटातून, रस्त्यावरच्या खड्ड्यांतून येणाऱ्या वस्तूत एवढा जड पार्ट मोकळा ठेवायचा नसतो. हे मी त्यांना फोटोंसकट लिहिलं, शब्द न चढवता. दोन तासांत फोन आला. चिकटवायचं राहिलं, हे त्यांनी मान्य केलं, दुरुस्तीचे सहाशे लगेच पाठवले, आणि मूळ ट्रान्सफॉर्मर पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाले. बदलांची यादीही दिली. कुरियरचे पैसे मी मागितले नाहीत.

आता काका, तुमच्यासाठी. प्रीसेटबरोबर कारागिरानं प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हच्या कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर घातलाय, म्हणजे त्यावरचा मिलिव्होल्टचा आकडा तोच करंटचा मिलिॲम्पिअरचा. दुपारी लाईन (घरातल्या विजेचं व्होल्टेज) २३० होती: प्लेटला (व्हॉल्व्हच्या आतल्या पत्र्याला) ३२२ व्होल्ट, ३० मिलिॲम्पिअर. रात्री नऊनंतर आमच्याकडे लाईन वर जाते. आत्ता मोजली तर २५२! प्लेटला ३५२, आणि करंट ३४. हे ठीक आहे का? अंधारात बघितलं, प्लेट लाल झालेली नाही.

---

एडिसन, रविवार दुपार

शाब्बास. त्या मेकॅनिकना माझा नमस्कार सांग. काडीनं दोष शोधणारी माणसं आता इथे तरी राहिली नाहीत.

नाही, ठीक नाही. ३५२ गुणिले ३४ म्हणजे जवळजवळ १२ वॅट, आणि तुझ्या मोठ्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ईएल८४ च्या, प्लेटची मर्यादाच १२ आहे. त्यातला थोडा करंट स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या जाळीचा) असतो हे धरलं तरी उंबरठ्यावर उभा आहेस. कारागिरानं त्याच्या टेबलावर, त्याच्या लाईनला बायस लावला. त्याचं चुकलं असं म्हणणार नाही, तुझ्या वाडीतली रात्रीची लाईन त्याला कुठून माहीत असणार? बायस जिथे ॲम्प वाजणार तिथेच लावायचा असतो. २३० ला २४ मिलिॲम्पिअरवर आण, मग रात्री परत मोज. साडेनऊ वॅटच्या आसपास राहिलं पाहिजे. शिवाय फिलामेंटचे ६.३ व्होल्ट २५२ लाईनला ६.९ होतात, तेही व्हॉल्व्हचं आयुष्य खातात. चांगला स्टॅबिलायझर घे. ॲम्पपेक्षा स्वस्त पडेल.

आणि खारा वारा विसरू नकोस. न्यू जर्सीत हा ॲम्प कोरड्या बेसमेंटमध्ये होता. तिथे शिरोड्याची मिठागरं तुझ्यापासून किती लांब?

---

वेंगुर्ले, सोमवार रात्र

काका, दुपारी २४ वर लावला. आत्ता सव्वानऊला लाईन २५०, प्लेट ३४९, करंट २७. म्हणजे ९.४ वॅट. स्टॅबिलायझर उद्या कुडाळहून आणतो.

मिठागरं फार लांब नाहीत, आणि समुद्र तर रात्री खिडकीतून ऐकू येतो. व्हॉल्व्हच्या पिना बघितल्या, दोनांवर हिरवट पूड धरली होती. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून व्हॉल्व्ह सॉकेटमध्ये चार-पाचदा काढघाल केली, उरलेली कडकडही त्यात गेली. खोक्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्यात, त्या दर रविवारी तव्यावर मंद आचेवर सुकवणार आहे. पाऊस संपेपर्यंत ॲम्प रोज अर्धा तास चालू ठेवायचा असं मेकॅनिककाकांनी बजावलंय, आतल्या उबेनं ओल धरत नाही म्हणून.

संध्याकाळी मुलं आली होती. पेटीवाले बुवाही आले. पांढरी चारमध्ये गजर धरला, धाकटीनं आवाजाचं बटण तीनवर ठेवून नुसत्या दोन तारा छेडल्या. मध्ये सगळे थांबले तेव्हा ॲम्पमधून काही म्हणजे काही येत नव्हतं. बुवांनी वाकून तांबडा दिवा बघितला आणि विचारलं, “चालू आसा मां?”