लाइमची साथ दडवली जातेय का? (सहलीच्या पत्रकावरून निघालेला विषय)

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, सहल समिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

जूनच्या सहलीच्या पत्रकात "गोचिडांपासून सांभाळा" एवढीच ओळ आहे. गोचीड चावून लाइम हा जिवाणूंचा आजार होतो, हे न्यू जर्सीच्या रानात जाणाऱ्यांना एवढ्याने काय कळणार? २०१७ ते २०१९ मध्ये अमेरिकाभरात वर्षाला सरासरी ३७,००० च्या आसपास लाइमच्या नोंदी झाल्या. हे आकडे सीडीसीचे, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याचे. त्याच खात्याचा दुसरा अंदाज म्हणतो, २०१० ते २०१८ या काळात वर्षाला ४,७६,००० लोकांवर लाइमचे उपचार झाले. खातं एक, आकडे दोन, आणि तफावत बारा-तेरा पटींची! २०२२ साली नोंदी एकदम ६२,५०० वर गेल्या. कारण विचाराल तर मोजण्याची पद्धत बदलली. १९७५ मध्ये कनेटिकटच्या लाइम गावात मुलांचे गुडघे सुजत होते, तेव्हाही आरोग्य खात्याला जागं केलं ते तिथल्या आयांनीच. मग साथ झाकली जातेय असं म्हटलं तर काय चुकलं?

प्रेषक: सभासद, साथरोग विभागात काम

काका, आकडे बरोबर आहेत, पण ते एकाच गोष्टीचे नाहीत.

पहिला आकडा नोंदींचा. २०२२ पर्यंत लॅबचा पॉझिटिव्ह रिपोर्ट आला की काउंटीच्या (जिल्ह्याच्या) आरोग्य खात्यातल्या माणसाने डॉक्टरांना गाठून लक्षणं विचारायची, मगच ती केस धरायची. उन्हाळ्यात असे रिपोर्ट ढिगाने येतात आणि फोन करणारी माणसं मोजकी. डॉक्टरांचं उत्तर आलं नाही की केस मोजणीतून बाद. मॅसॅच्युसेट्सने २०१६ पासून हा पाठपुरावा थांबवला आणि राष्ट्रीय तक्त्यात तिथला लाइम जवळजवळ नाहीसा झाला. गोचिडी होत्या तिथेच होत्या. २०२२ पासून जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांत नुसत्या लॅब रिपोर्टवर केस धरतात, म्हणून आकडा फुगला. ती वाढ बरीचशी कागदावरची आहे.

दुसरा आकडा विम्याच्या बिलांवरून काढलेला. डॉक्टरांनी नुसत्या संशयावरून गोळ्या दिल्या तरी माणूस त्यात आला. म्हणजे पहिला आकडा खूपच कमी, दुसरा बहुधा जास्त.

दडवादडवी मला दिसत नाही. दुर्लक्ष मात्र आहे, आणि ते नव्या पद्धतीतही आहे. अंगावर लाइमचा पसरणारा चट्टा दिसला तर रक्त न तपासता लगेच उपचार करायचे, हीच योग्य पद्धत. पण लॅब रिपोर्ट नसल्यामुळे आपल्यासारख्या राज्यांत नेमक्या याच केसेस मोजल्या जात नाहीत. डॉक्टर जितका हुशार, तितकी त्याची केस अदृश्य!

प्रेषक: सभासद, पॅथॉलॉजी लॅब

याच्या पुढची गोष्ट सांगते, कारण "टेस्ट निगेटिव्ह आली, म्हणजे लाइम नाही" हे वाक्य फार ऐकू येतं.

ही टेस्ट जंतू शोधत नाही, अँटिबॉडी, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर बनवतं ती प्रथिनं, शोधते. त्या तयार व्हायला काही आठवडे लागतात. चट्टा ताजा असताना रक्त दिलं तर निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. आधी एलायझा ही चाळणी टेस्ट, ती पॉझिटिव्ह किंवा काठावर असेल तरच वेस्टर्न ब्लॉट ही खात्रीची, पट्ट्या उमटणारी टेस्ट, ही जुनी दोन पायऱ्यांची रीत. ब्लॉटमध्ये आयजीएमच्या (आधी तयार होणाऱ्या अँटिबॉडीच्या) ३ पैकी २ पट्ट्या हव्यात आणि त्याही पहिल्या ३० दिवसांतच ग्राह्य. आयजीजीच्या (नंतर तयार होणाऱ्या अँटिबॉडीच्या) १० पैकी ५. तीन महिन्यांनी फक्त आयजीएम पॉझिटिव्ह आलं तर ते बहुतेक खोटं पॉझिटिव्ह असतं. ब्लॉटवरची ४१ क्रमांकाची पट्टी तर दुसऱ्या जंतूंमुळेही उमटते, एकट्या तिच्यावरून कुणी निदान सांगितलं तर ऐकू नका. २०१९ पासून ब्लॉटऐवजी दुसरी एलायझाच वापरायलाही एफडीएची (अमेरिकेच्या औषध नियामक खात्याची) मान्यता आहे. लघवीतून लाइम शोधून देणाऱ्या खासगी टेस्टवर पैसे घालवू नका.

आता चट्टा. चित्रांत गोऱ्या कातडीवरचा लालभडक, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा गोल दाखवतात. आपल्या रंगावर तो जांभळट, तपकिरी, कधी नुसता काळसर डाग दिसतो, आणि मधली पांढरी कडी बहुतेकदा नसतेच. रंगापेक्षा वाढ बघा: चावल्यावर ३ ते ३० दिवसांत येतो, ५ सेंटिमीटरच्या पुढे जातो, दिवसागणिक पसरतो, फारसा दुखत-खाजत नाही. पेनाने कडेवर रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. चावल्यावर काही तासांत उठून दोन दिवसांत जाणारी गांधी ही निव्वळ ॲलर्जी.

प्रेषक: सभासद, फार्मसी

ताईंनी टेस्टचं सांगितलं, मी पत्रकात घालण्याजोगं लिहितो.

मे ते जुलैमधली गोचिडींची पिल्लं खसखशीच्या दाण्याएवढी असतात. गावाकडच्या गुरांवरची टपोरी गोचीड डोळ्यांसमोर ठेवून शोधाल तर सापडणार नाही. बूट-पँटवर आदल्या दिवशी ०.५ टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक) फवारून वाळवा. ते कपड्यांसाठीच, अंगाला लावायचं नाही. अंगाला २० ते ३० टक्के डीट (कीटक दूर ठेवणारं औषध). घरी आल्यावर कपडे आधी धुऊ नका, कोरडेच ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर १० मिनिटं फिरवा. गोचीड धुण्यातून वाचते, कोरड्या उष्णतेत मरते. काखा, जांघा, गुडघ्यामागे, बेंबी, कानामागे, केसांत बघा.

चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका. व्हॅसलीन, काडेपेटी, नेलपॉलिश यांतलं काही नको. तिला डिवचलं की ती उलटी लाळ आत सोडते. मग साबण-पाणी. गोचीड चिकटपट्टीत बंद करून ठेवा, ओळखायला उपयोगी पडते.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकचा २०० मिलिग्रॅमचा एकच प्रतिबंधक डोस असतो, पण गोचीड हरणाची (लाइम पसरवणाऱ्या जातीची) असावी, ३६ तास किंवा जास्त चिकटलेली असावी, आणि काढल्यापासून ७२ तासांच्या आत तो घ्यायला हवा. चट्टा आलेल्या मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १० दिवस. पेलाभर पाण्याबरोबर घ्या, घेऊन लगेच आडवं होऊ नका, घसा पोळतो. कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून दोन तास लांब. उन्हात कातडी भाजते, हे सहलीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. हे सगळं डॉक्टरांना विचारूनच, हे वेगळं सांगायला नको.

प्रेषक: ज्येष्ठ सभासद, सहल समिती

"दडवली" हा शब्द मागे घेतो, "मोजली नाही" हा ठेवतो. पण मग वर्षानुवर्षं थकवा, सांधेदुखी घेऊन बसलेल्यांचं काय? त्यांना तर सरळ "मनाचे खेळ" म्हणून परत पाठवतात.

प्रेषक: सभासद, साथरोग विभागात काम

तिथे तुमचं म्हणणं खरं आहे, काका. उपचारानंतरही काहींना महिनोन्‌महिने त्रास राहतो, हे मान्य झालेलं आहे. त्यावर महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देण्याचे प्रयोग अमेरिकेत (२००१) आणि नेदरलँड्समध्ये (२०१६) झाले. टिकाऊ फायदा दिसला नाही. शिरेतून दीर्घकाळ औषध देण्यात जंतुसंसर्गाने माणसं दगावलीही आहेत. थोडक्यात, दुखणं खरं आणि विकला जाणारा इलाज खोटा.

पत्रकात आणखी एक ओळ हवी. आपल्याकडची बरीच कुटुंबं जूनअखेरीस भारतात जातात, आई-बाबाही इथल्या बागेत काम करून परततात. चट्टा आणि ताप पुण्यात उगवला तर तिथले डॉक्टर आधी डेंग्यू-चिकुनगुनियाच बघणार. न्यू जर्सीतल्या रानाचं किंवा बागेचं नाव आणि तारीख त्यांना आपणहून सांगा. याच्या उलट, दोडामार्ग (सिंधुदुर्ग) किंवा सत्तरीच्या (गोवा) रानातून आल्यावर ताप आला तर इथल्या डॉक्टरांना तेही सांगा. तिथल्या गोचिडींतून माकडताप येतो, तो विषाणूचा. त्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही.