पीपीएआरजी मंदावलं तर फायदा कसा?

प्रश्न: बाबांना मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन चालू आहे. ते चरबीपेशींतल्या पीपीएआरजी ग्राहीला (औषध जिथे चिकटतं ते प्रथिन) चेतवतं, मग इन्सुलिन नीट लागू पडतं. माझ्या जनुकचाचणीत मात्र याच प्रथिनात 12 व्या जागी प्रोलीन या अमिनो आम्लाऐवजी ॲलानीन निघालं. त्यामुळे ग्राही थोडी मंदावते, तरी मधुमेहाचा धोका कमी म्हणे! दोन्ही खरं कसं? डोक्यातून जातच नाहीये.

उत्तर 1: दोन्ही खरं आहे. ॲलानीनवाल्यांची इन्सुलिन-संवेदनशीलता चांगली असते हे 1998 मध्येच छापून आलंय. त्यांच्या चरबीपेशी इन्सुलिन आल्यावर मेदाम्लं (चरबीचे घटक) सोडणं चटकन आवरतात. रक्तात ती कमी फिरली की स्नायू ग्लुकोज बरं उचलतात. औषधाची वाट वेगळी: त्वचेखाली नव्या, लहान चरबीपेशी तयार होतात आणि यकृतातली चरबी तिकडे वळते.

उत्तर 2: मंदावणं आणि बिघडणं यात गल्लत नको हं. याच जनुकातल्या काही दुर्मिळ बदलांत हातापायांवरची चरबी झडते. साठवायला जागाच नाही, म्हणून ती यकृतात शिरते आणि इन्सुलिन जवळपास निकामी ठरतं. बारीक असूनही मधुमेह!

प्रश्नकर्ती: मग बाबांचा डोस बदलायला सांगू?

उत्तर 1: नको. अहवाल तुमचा आहे, बाबांकडे हे रूप असेलच असं नाही. शिवाय त्याने धोका थोडासाच हलतो.